हंगामाच्या आठवड्यात वाचायचे काय? एक प्रेमकथा, एक रहस्यकथा आणि रात्रीची चाळीस मिनिटे

देवगड तालुक्यातील एका वाचक भगिनीने विचारले आहे की, आंब्याच्या हंगामात पहाटेपासून रात्री नऊपर्यंत घरात कुणालाच उसंत नसते. तोडणी, प्रतवारी, पेट्या भरणे, गाडी लावून देणे आणि दिवसअखेरचा हिशेब एवढे आटोपल्यावर त्यांच्या हाती जेमतेम चाळीस मिनिटे उरतात. त्या वेळात त्यांना प्रेमकथा आणि रहस्यकथाच वाचाव्याशा वाटतात. पण गेल्या हंगामात वाचनालयातून आणलेली तीन पुस्तके तिन्ही अर्धवट परत गेली. मला स्वतःला अलीकडे धावपळीच्या दिवसांत या दोन प्रकारांतले काय आवडले, आणि असे वाचन मोबाइलवर करावे की छापील पुस्तकातून, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

मालवण तालुक्यातील एका सार्वजनिक वाचनालयात मी २८ वर्षे ग्रंथपाल आहे. अर्धवट परत आलेले पुस्तक मला हातात घेताच ओळखू येते. पहिल्या चाळीस-पन्नास पानांच्या कडा हाताळून मऊ झालेल्या असतात, एखाद्या पानावर आंब्याच्या चिकाचा डाग असतो, कुठेतरी पानाचा कोपरा दुमडलेला असतो आणि त्यापुढची पाने कोरी करकरीत असतात. पुस्तक टेबलावर ठेवताना वाचक काहीसे अपराधी होऊन हसतात. तसे वाटून घेण्याचे काही कारण नाही. ती पुस्तके वाईट नसतात आणि वाचकही आळशी नसतो. पण एप्रिलमध्ये वाचायचे पुस्तक आणि श्रावणात वाचायचे पुस्तक यांत फरक असतो, तो आम्ही ग्रंथपालांनीच वेळेवर सांगायला हवा.

हा फरक मला स्वतःच्या फजितीतून उमगला. गेल्या मार्चअखेरीस ग्रंथसाठ्याची पडताळणी आणि हिशेबतपासणीची कागदपत्रे एकाच वेळी अंगावर आली, आणि त्याच आठवड्यात सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी कणकवलीला खेपा घालाव्या लागल्या. एसटीतला वेळ हाच काय तो माझा. कित्येक वर्षे राहून गेलेली अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांची 'अँड देअर वेअर नन' ही १९३९ सालची कादंबरी मी पिशवीत टाकली. बेटावर अडकलेली दहा माणसे, त्यांची दहा पूर्वायुष्ये, आणि त्यांतले एकेक जण मरत जाणार. कसालला गाडी थांबेपर्यंत न्यायाधीश कोण आणि डॉक्टर कोण हे माझ्या डोक्यात पक्के होई आणि परतीच्या गाडीत पुन्हा सगळी सरमिसळ होई. चौथ्या दिवशी एका पात्राच्या मृत्यूने मी मनापासून हळहळले आणि दोन पाने उलटल्यावर लक्षात आले की, ज्याच्यासाठी मी हळहळले तो अजून जिवंत आहे. त्या कादंबरीची बांधणी इतकी चोख आहे की तिच्यात कुणाचे नाव विसरून चालत नाही, आणि त्या आठवड्यात नावे लक्षात ठेवण्याची माझी सगळी शक्ती दाखल नोंदवहीने आणि डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या वेळापत्रकाने खाऊन टाकली होती.

त्याच आठवड्याच्या उत्तरार्धात मी केइगो हिगाशिनो या जपानी लेखकाची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' ही कादंबरी इंग्रजी अनुवादातून वाचली आणि तीन दिवसांत, तशाच तुटक वेळात, एकदाही मागची पाने न चाळता संपवली. दोन्ही पुस्तके खुनाचीच. मग एक हातातून निसटले आणि दुसऱ्याने हात धरून पुढे नेले, हे कसे झाले, याचा विचार करताना मला आपल्याकडचा दशावतार आठवला.

देवगडच्या वाचकाला दशावतार समजावून सांगण्याची गरज नाही. जत्रेच्या रात्री पूर्वरंगातला संकासुर हसवून गेला की आख्यान लागते, आणि राक्षस मरणार, सती सुटणार, हे मांडवातल्या शेंगदाणे विकणाऱ्या मुलालासुद्धा ठाऊक असते. तरीही माणसे पहाटेपर्यंत बसतात, कारण संवाद लिहिलेले नसतात. आज हा राजा त्या राणीला काय उत्तर देतो, कुठे पेच टाकतो आणि कसा सुटतो, हे पाहायचे असते. मधेच डुलकी लागली, चहाला उठून जावे लागले, तरी परत येऊन बसल्यावर खेळ परका वाटत नाही. पुढे काय होणार याची टांगणी जिथे नसते, तिथे खंड पडला तरी बिघडत नाही; कसे होणार याची गोडी मात्र शाबूत राहते. धावपळीच्या आठवड्यासाठी मी आता पुस्तके याच कसोटीवर निवडते. शेवट किंवा गुन्हेगार आधीच माहीत आहे का, हे पाहते. माहीत असेल तर ते पुस्तक हंगामाचे. नसेल तर ते मिरगानंतरचे.

हिगाशिनो यांच्या कादंबरीत गुन्हेगार कोण हे अगदी सुरुवातीलाच कळते. घटस्फोटित यासुको आपल्या मुलीसह राहते; तिला छळणारा पूर्वीचा नवरा एके संध्याकाळी घरी येतो, झटापट होते आणि मायलेकींच्या हातून तो मारला जातो. शेजारी राहणारा गणिताचा शिक्षक इशिगामी भिंतीपलीकडून हे सारे ओळखतो, दार वाजवतो आणि मदतीची तयारी दाखवतो. इथून पुढे पोलिसांपासून त्या दोघींना वाचवण्यासाठी त्याने रचलेली तजवीज आणि ती भेदू पाहणारा त्याचाच विद्यापीठातला जुना मित्र, भौतिकशास्त्रज्ञ युकावा, यांची झुंज आहे. नावे चार-पाच, घरे दोन, प्रश्न एकच. आपल्याला सगळे दिसले आहे असे आपण धरून चालतो आणि शेवटी कळते की, डोळ्यांसमोर ठेवलेली एक गोष्ट आपण पाहिलीच नव्हती. ती कोणती, हे मी सांगणार नाही.

पण माझ्या दृष्टीने ही कादंबरी रहस्यकथा जेवढी आहे तेवढीच प्रेमकथा आहे, आणि ते प्रेम असे आहे की ज्याच्याविषयी एकही गोड वाक्य उच्चारले जात नाही. इशिगामीला यासुकोकडून काही मिळण्याची आशा नाही. तो रोज सकाळी तिच्या दुकानातून जेवणाचा डबा विकत घेतो, एवढाच त्यांचा व्यवहार. असा अबोल, स्वतःला पुसून टाकणारा माणूस रंगवताना लेखकाने त्याची दया कुठेही येऊ दिली नाही. मूळ जपानी पुस्तक २००५ साली आले आणि त्याला नाओकी पुरस्कार मिळाला. हिंदीत त्यावरून २०२३ साली 'जाने जान' हा चित्रपट निघाला. तो पाहिला असेल तरी पुस्तक वाचायला हरकत नाही. तुमची मागणी एक प्रेमकथा आणि एक रहस्यकथा अशी आहे. दोन्ही एकाच पेटीत हवी असतील तर माझे पहिले नाव हेच राहील.

दुसरे नाव जुने आहे, पण मी ते गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा वाचले म्हणून सांगते: डॅफ्ने द्यू मोरिए यांची १९३८ सालची 'रिबेका'. विधुर श्रीमंत गृहस्थाशी लग्न करून एक बुजरी तरुणी समुद्रकाठच्या मोठ्या घरात येते आणि तिथल्या प्रत्येक वस्तूवर, नोकरांच्या प्रत्येक नजरेत मेलेल्या पहिल्या बायकोचा वावर तिला जाणवू लागतो. या तरुणीचे नाव लेखिकेने अखेरपर्यंत सांगितलेले नाही, हा नुसता चमत्कार नाही. घरात जिचे नाव सतत घेतले जाते ती दुसरीच असल्यामुळे हिला नाव उरलेलेच नाही, हे वाचता वाचता कळत जाते. ते घर आता राहिलेले नाही, हे पहिल्याच प्रकरणात समजते, त्यामुळे वर सांगितलेली कसोटी ही कादंबरी उत्तीर्ण होते. कथा बरीचशी पुढे गेल्यावर धुक्याच्या दिवशी एक जहाज खडकावर चढते आणि पाणबुड्याला तळाशी भलतेच काही सापडते. समुद्र काही कायमचे पोटात ठेवत नाही, हे किनाऱ्यावरच्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही. ते प्रकरण मी वाचत होते तेव्हा बाहेर होड्या वर ओढून ठेवण्याची गडबड चालली होती, आणि मला उगाचच दाराची कडी पुन्हा पाहून यावेसे वाटले. हिचकॉक यांच्या १९४० सालच्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले आणि हिंदीतला १९६४ सालचा 'कोहरा' याच कथेवर बेतलेला आहे, त्यामुळे तुमच्या सासूबाईंनाही गोष्ट ओळखीची वाटेल. सुरुवातीची प्रकरणे मात्र संथ आहेत. पहिल्या दोन रात्री कंटाळा आला तरी तिसरी रात्र द्यावी.

मराठीतच वाचायचे असेल तर सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' घ्यावी. २००६ साली आलेली ही छोटी कादंबरी आहे. पुण्यातल्या एका मध्यमवर्गीय घरात एक तरुण भाड्याने राहायला येतो, आणि घरातला मुलगा तनय आणि मुलगी अनुजा, दोघेही एकमेकांच्या नकळत त्याच्या प्रेमात पडतात. पुस्तक सुरू होते तेव्हा तो निघून गेलेला आहे. पहिला भाग तनय त्याला उद्देशून बोलतो आणि दुसरा भाग अनुजाच्या रोजनिशीचा आहे. एकच काळ दोनदा सांगितला जातो आणि पहिल्या सांगण्यातल्या लहानसहान गोष्टींचा अर्थ दुसऱ्या सांगण्यात पालटतो. दुकानात ते प्रेमकथांच्या फळीवर ठेवतील, पण मला त्यात उत्तम रहस्यकथा दिसते, कारण तो तरुण नेमका कोण होता हा प्रश्न दोघांनाही सुटत नाही आणि लेखकानेही तो सोडवून दिलेला नाही. रोजनिशीचे तुकडे छोटे असल्यामुळे चाळीस मिनिटांच्या हिशेबात नीट बसतात.

गौरी देशपांडे यांचे 'तेरुओ आणि काही दूरपर्यंत' हे दोन दीर्घकथांचे पुस्तकही मी त्याच काळात पुन्हा चाळले. मराठी स्त्री आणि जपानी पुरुष यांच्या त्या कथेत फार काही घडत नाही, आणि तरीही ते ठेवून उठवत नाही. मात्र दिवसभर गडीमाणसांशी आणि दलालांशी बोलून घसा बसलेला असताना या लेखिकेची तल्लख, तिरकस वाक्ये पेलतीलच असे नाही. आठवड्यातली एखादी मोकळी दुपार मिळाली तर घ्या.

श्री. ना. पेंडसे यांची १९५२ सालची 'गारंबीचा बापू' ही बापू आणि राधा यांची गोष्ट तुमच्याकडे बहुधा सगळ्यांनी वाचलेली असेल. नसेल तर सगळे बाजूला ठेवून आधी ती वाचा. दापोलीकडच्या गावातला वाडीवाडीतला हेवा, भाऊबंदकी आणि लोकापवाद यांच्या मधोमध उभे राहिलेले ते प्रेम आजही शिळे झालेले नाही.

हलकेफुलके काही हवे असेल तर एमिली हेन्री यांची २०२० सालची 'बीच रीड' मला अनपेक्षितपणे आवडली. प्रेमकथा लिहिणारी एक लेखिका आणि गंभीर साहित्य लिहिणारा एक लेखक शेजारशेजारच्या घरांत उन्हाळा काढतात आणि पैज म्हणून एकमेकांच्या प्रकारातले पुस्तक लिहायला घेतात. दोघांचे जुळणार, हे पहिल्या भेटीतच दिसते. दशावतारातल्या राक्षसाच्या मरणाइतके ते ठरलेले आहे. त्यांच्या तोंडाला तोंड देणाऱ्या संवादांतच सगळी मजा आहे. नावातला 'बीच' अमेरिकेतल्या मिशिगन सरोवराचा निघाला. खारा वारा नाही, भरती-ओहोटी नाही आणि त्याला किनारा म्हणायचे, हे मला पुस्तकभर पटले नाही, पण तो दोष लेखिकेचा नव्हे.

आता एक पुस्तक, ज्याबद्दल माझे मत अजून स्थिर झालेले नाही: अ‍ॅलेक्स मायकेलिडीस यांची २०१९ सालची 'द सायलेंट पेशंट'. एक चित्रकार स्त्री नवऱ्याला गोळ्या घालते आणि त्यानंतर एक शब्दही बोलत नाही. तिला बोलते करण्याचा ध्यास घेतलेला मानसोपचारतज्ज्ञ ही कथा सांगतो आणि मधूनमधून तिची रोजनिशी येते. गुन्हा आणि गुन्हेगार आरंभीच माहीत, प्रकरणे आखूड, माणसे मोजकी, म्हणजे माझ्या मापात हे पुस्तक तंतोतंत बसते. वाचले मी अधाशासारखे. पण शेवटचा उलगडा ज्या युक्तीवर उभा आहे ती मला थकलेल्या वाचकाचा फायदा घेणारी वाटली. निवांत वाचणाऱ्याला जिथे शंका यावी, तिथे पेंगुळलेला वाचक पुढे सरकतो. हिगाशिनो यांनीही फसवलेच, पण त्यांनी पुरावा उजेडात ठेवून फसवले होते. आमच्या एका तरुण सभासदाला माझे हे म्हणणे मुळीच मान्य नाही आणि त्याने ते पुस्तक माझ्यासमोर दुसऱ्यांदा नावावर घातले. तेव्हा माझ्या मतावर विसंबू नका, दोन रात्री खर्च करून स्वतः ठरवा.

काही दिवस असेही येतात की एका कादंबरीचा धागा दुसऱ्या रात्रीपर्यंत नेणेच शक्य नसते. गाडी रात्री अकराला येते, पाऊस अवकाळी कोसळतो, मग सलग चार दिवस पुस्तकाला हात लागत नाही. त्या दिवसांसाठी रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथा उशाशी असाव्यात. 'खेकडा', 'मध्यरात्रीचे पडघम', 'कबंध' यांपैकी कोणताही संग्रह चालेल. एक कथा एका बैठकीत संपते आणि दुसऱ्या रात्री कालचे काहीच आठवावे लागत नाही. एकट्याने मागीलदारी जायचे असेल तर मात्र कथा आधी वाचू नये. हा सल्ला मी प्रत्येक नव्या सभासदाला देते आणि तो कुणीही पाळत नाही.

आमच्या वाचनालयातले ज्येष्ठ सभासद या सगळ्यावर हसतात, कारण त्यांच्या लेखी हा प्रश्न बाबूराव अर्नाळकर यांनी केव्हाच सोडवला होता. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाची पुस्तके खिशात मावणारी, लोकलच्या किंवा एसटीच्या प्रवासात संपणारी होती. झुंजार किंवा काळा पहाड संकटात सापडला तरी तो मरणार नाही हे वाचकाला पक्के ठाऊक असे, आणि सुटतो कसा एवढेच पाहायचे असे. पुढे सुहास शिरवळकर यांनी तोच वेग आणि तीच खात्री निराळ्या, अधिक शहरी भाषेत दिली. 'दुनियादारी'मुळे ते नव्या पिढीला मैत्री आणि प्रेमाचे लेखक म्हणून माहीत झाले आहेत, पण त्यांच्या रहस्यकादंबऱ्यांतला बॅरिस्टर अमर विश्वास मला आजही ताजा वाटतो. तुमच्या जवळच्या वाचनालयात या दोघांची पुस्तके मळकट वेष्टणांत, मागच्या कपाटात असतील. मागून घ्या, ग्रंथपालाला आनंदच होईल.

हंगामात मुळीच घेऊ नका असे एक पुस्तक सांगते, आणि ते माझ्या अत्यंत आवडीचे आहे: हृषीकेश गुप्ते यांची 'दंशकाल'. कोकणातल्या कुटुंबाची, भीतीची आणि माणसांच्या आत दडलेल्या विकारांची ही जाडजूड कादंबरी चाळीस मिनिटांच्या तुकड्यांत वाचली तर तिचा विषारी अंमल चढतच नाही. तिला सलग पावसाची दुपार लागते, घरात माणसे कमी लागतात आणि वीज गेलेली असली तर फारच उत्तम. शेवटची पेटी रवाना झाली, बागेतली खोपटी आवरली, की मग ती घ्या. तुमच्या गेल्या वर्षीच्या तीन अर्धवट पुस्तकांत ही होती असे तुम्ही लिहिले आहे. मला त्याचे यत्किंचितही आश्चर्य वाटले नाही.

राहिला मोबाइलचा प्रश्न. ई-पुस्तकाला माझा तात्त्विक विरोध नाही. अक्षर मोठे करता येते, दिवे गेले तरी वाचता येते, आणि वर सांगितलेली इंग्रजी पुस्तके आपल्याकडच्या लहान वाचनालयांत नसली तर तोच मार्ग उरतो. पण हंगामात तुमच्या मोबाइलवर रात्री साडेनऊनंतरच वाशीचा भाव येतो, गाडी कुठवर पोहोचली ते येते, आणि उद्या किती पेट्या हव्यात तेही येते. यासुकोच्या दारावर थाप पडली त्या क्षणी दलालाचा निरोप वाजला, तर ती थाप पुन्हा ऐकू येत नाही. म्हणून छापील पुस्तक घ्या आणि मोबाइल तेवढा वेळ यजमानांच्या हवाली करा. खूण म्हणून पानाचा कोपरा दुमडू नका, एसटीचे तिकीटही ठेवू नका. हल्लीच्या यंत्रावरच्या तिकिटाची छपाई महिन्याभरात उडून जाते आणि कोरा चिठोरा समजून कुणीतरी तो फेकून देते. पेटीवर चिकटवायच्या नावाच्या चिठ्ठ्यांपैकी एखादी शिल्लक असेल, तर ती या कामाला उत्तम. माझ्याकडे परत आलेल्या पुस्तकांत अशा बारा-पंधरा चिठ्ठ्या जमल्या आहेत आणि त्या मी जपून ठेवल्या आहेत.